बर्लिनमधला बातमीदारांचा गट



३ मे हा दिवस जगभर वृत्तपत्र स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली तो ठरवला. आपल्या रेडिओ केंद्रावरच्या ताई मला म्हणाल्या, या दिवसासाठी काहीतरी बोला. मी म्हटलं, अहो, मी बचत गटांची सहयोगिनी. मला हप्ता विचारा, व्याज विचारा, हजेरीपट विचारा. पत्रकारांचं मी काय सांगणार? पण बी.ए.ला माझा इतिहास होता, आणि तेव्हा वाचलेली एक गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. गेल्या वर्षी आपल्याच भागात एक प्रकार घडला, तेव्हा ती पुन्हा आठवली. तीच आज सांगते. गोष्ट दूरची आहे, जर्मनी देशातली, नव्वद वर्षांपूर्वीची. पण ऐकताना तुम्हाला आपली मासिक बैठक दिसेल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. परदेशी बातमीदार म्हणजे कोण? समजा अमेरिकेतलं एखादं वर्तमानपत्र आहे. त्याला जर्मनीत काय चाललंय ते आपल्या वाचकांना सांगायचं आहे. मग ते आपला माणूस तिकडे ठेवतं. तो तिथं घर भाड्यानं घेतो, भाषा शिकतो, ओळखी करतो आणि बातम्या पाठवतो. ऐकायला छान वाटतं. पण हा माणूस तिथं एकटा असतो. राहायची परवानगी तिथल्या सरकारच्या हातात. तारेनं बातमी पाठवायची तर तार खातंही सरकारचंच. एखादी बातमी सरकारला झोंबली, तर ‘चालते व्हा’ म्हणायला एक कागद पुरतो. लग्न होऊन परक्या गावात आलेल्या नव्या सुनेला जसं पहिल्या वर्षी बाजूनं बोलणारं कुणी नसतं, तशी त्याची गत.

म्हणून या लोकांनी आपापल्या संघटना बांधल्या. लंडनमध्ये परदेशी बातमीदारांची संघटना १८८८ साली सुरू झाली. बर्लिन ही जर्मनीची राजधानी, तिथं १९०६ साली अशीच संघटना उभी राहिली. काम काय? अगदी साधं. सभासदांची यादी ठेवायची. नव्या माणसाला कुठं जायचं, कुणाला भेटायचं ते सांगायचं. मंत्र्यांना जेवायला बोलवायचं आणि प्रश्न विचारायचे. एखाद्याला अधिकाऱ्यानं अडवलं, तर सगळ्यांच्या वतीनं जाऊन बोलायचं. वर्षातून एकदा मोठी मेजवानी आणि नाचगाणं. अध्यक्ष, कार्यकारिणी, सभा, ठराव, मतदान. म्हणजे आपलंच सगळं. फक्त त्यांचं आडलोन नावाच्या मोठ्या हॉटेलात, आपलं समाजमंदिरात.

बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग आलं १९३३ साल.

त्या वर्षी ३० जानेवारीला हिटलर जर्मनीचा पंतप्रधान झाला. फेब्रुवारीच्या शेवटी तिथल्या संसदेच्या इमारतीला आग लागली, आणि त्या आगीचं निमित्त करून हजारो विरोधकांना पकडलं. आपल्या देशातले एक पत्रकार, केरळचे ए. सी. एन. नांबियार, तेव्हा बर्लिनमध्ये होते. त्यांनाही अटक झाली, पुढं सुटका झाली. ऑक्टोबरमध्ये कायदा आला, की सरकारी यादीत नाव असेल तोच जर्मन माणूस वर्तमानपत्रात लिहू शकेल. ज्यू धर्माच्या लोकांची नावं त्या यादीत घ्यायची नाहीत असं ठरलं. विरोधी पक्षांची वर्तमानपत्रं तर आधीच बंद झाली होती. आता विचार करा. घरातल्या माणसांची तोंडं बंद झाली, तर घरात काय चाललंय ते बाहेर कोण सांगणार? शेजारीच सांगणार. परदेशी बातमीदार हे ते शेजारी होते. जगाला जर्मनीची खरी बातमी त्यांच्याकडूनच कळत होती. म्हणून नव्या सरकारचा डोळा त्यांच्यावर गेला.

त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते एडगर माउरर. ते शिकागो शहरातल्या एका वर्तमानपत्राचे बातमीदार. हिटलरची माणसं जर्मनीला कुठं नेत आहेत, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, आणि ते नेमकं त्याच वर्षी बाहेर आलं. त्याच वर्षी अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, पुलित्झर, त्यांना मिळालं. सरकारला राग आला. पण सरकारनं काय केलं बघा. माउररना लगेच हाकललं नाही. संघटनेला निरोप दिला, की हा अध्यक्ष आम्हाला चालत नाही. हा असेल तोवर तुमच्या संघटनेशी आम्ही संबंध ठेवणार नाही. अध्यक्ष बदला.

मैत्रिणींनो, ही चाल नीट लक्षात घ्या. भांडण एका माणसाशी आणि अडवणूक सगळ्यांची. म्हणजे मग सगळेच त्या एकाकडे बघायला लागतात, की तुझ्यामुळं आमचं काम थांबलंय.

माउररनी काय केलं? त्यांनी संघटनेची सभा बोलावली आणि स्वतःच राजीनामा सभेपुढं ठेवला. माझ्यामुळं तुमचं नुकसान नको, तुम्ही ठरवा. सभेत वेगवेगळ्या देशांची माणसं होती. एकमेकांच्या आधी बातमी मिळवायला धडपडणारी, एरवी एकमेकांना हातचं राखून बोलणारी. त्यांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमतानं राजीनामा नाकारला. आमचा अध्यक्ष कोण हे आम्ही ठरवू, असा त्याचा अर्थ. माउरर अध्यक्ष राहिले.

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मी ती आज सांगितलीच नसती.

ऑगस्ट महिन्यात संघटनेतल्या एका म्हाताऱ्या सभासदाला पोलिसांनी उचललं. त्यांचं नाव पाउल गोल्डमान. वय ६८. ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराच्या एका जुन्या वर्तमानपत्रासाठी ते कित्येक वर्षं बर्लिनहून लिहीत होते. जन्मानं ज्यू. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सरकारांचं तेव्हा वाजलं होतं, त्याचा राग या म्हाताऱ्यावर निघाला. त्या वयाच्या माणसाचं तशा तुरुंगात काय होईल, हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा माउररनी कळवलं, गोल्डमानना सोडा, मी अध्यक्षपद सोडतो. सरकारला हेच हवं होतं. गोल्डमान सुटले. माउरर पदावरून उतरले, आणि सप्टेंबर लागता लागता त्यांना जर्मनीही सोडावी लागली. तुमच्या जिवाची आता खात्री देता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

आता कुणी म्हणेल, शेवटी सरकारचंच खरं झालं ना? अध्यक्ष गेलाच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण थोडं थांबून बघा. एप्रिलमध्येच धमकीला घाबरून त्यांना बदललं असतं, तर त्याच्या बदल्यात काय मिळालं असतं? फक्त सरकारची मर्जी. ऑगस्टमध्ये पद गेलं, पण त्याच्या बदल्यात एक जिवंत माणूस घरी आला. पद तेच, सोडणारा माणूसही तोच. पण कुणी मागितलं म्हणून देणं वेगळं आणि कुणाला वाचवायला देणं वेगळं.

पुढच्या वर्षी एका बाईची पाळी आली. डोरोथी थॉम्पसन. अमेरिकेची नावाजलेली पत्रकार. हिटलर सत्तेवर यायच्या आधी, १९३१ साली, तिनं त्याची मुलाखत घेतली होती आणि हा माणूस अगदीच सामान्य आहे असं लिहिलं होतं. हिटलर ते विसरला नव्हता. १९३४ च्या ऑगस्टमध्ये ती बर्लिनला आली, तर हॉटेलात पोलिसांचा माणूस कागद घेऊन हजर. २४ तासांत देश सोडा. ती निघाली तेव्हा रेल्वे स्टेशनवर तिला निरोप द्यायला अमेरिकन आणि इंग्रज बातमीदार जमले होते आणि त्यांनी तिला गुलाबाची फुलं दिली. फुलांनी काही हुकूम बदलत नाही. पण ज्याला सरकारनं हाकललंय त्याला दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर निरोप द्यायला जाणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तिनं तो हकालपट्टीचा कागद पुढं चौकट करून भिंतीवर लावला.

आता ज्या बाईसाठी मी ही गोष्ट खास सांगते आहे, ती सांगते. सिग्रिड शुल्ट्झ. जन्म १८९३, शिकागोत. आई-वडील मूळचे नॉर्वे देशाचे, वडील चित्रकार. लहानपणीच युरोपात आली, चार-पाच भाषा बोलायची. १९१९ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात लागली, आणि काही वर्षांत त्यांच्या बर्लिन कार्यालयाची प्रमुख झाली. तेव्हा एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राचं परदेशातलं कार्यालय बाईच्या हाती देणं ही नवलाची गोष्ट होती. आपल्याकडे तानुबाई बिर्जे ‘दीनबंधु’च्या संपादक झाल्या होत्या, त्यांची आठवण इथं ठेवायला हवी. तशीच ही सिग्रिड. ती बर्लिनच्या संघटनेच्या कार्यकारिणीतही होती.

तिची बातमी मिळवायची एक पद्धत होती, ती ऐकून तुम्ही हसाल. ती उत्तम स्वयंपाक करायची. घरी आई होती. माय-लेकी मिळून लोकांना जेवायला बोलवायच्या. सरकारची माणसं, विरोधातली माणसं, राजदूत, सगळे तिच्या टेबलावर. पोट भरलं की माणूस बोलतो. चुलीपाशी किती बातमी कळते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९३५ च्या वसंत ऋतूत काय झालं बघा. ती कार्यालयात असताना आईचा निरोप आला, की एक माणूस घरी पाकीट देऊन गेलाय. सिग्रिड लगोलग घरी आली, पाकीट फोडलं. आत विमानाच्या इंजिनाचे आराखडे! असा कागद परदेशी माणसाच्या घरात सापडला तर हेरगिरीचा खटला. आणि हेरगिरीची शिक्षा काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनमध्ये दोन बायकांची हेरगिरीच्या आरोपावरून कुऱ्हाडीनं मान तोडली होती. तिनं ते पाकीट शेकोटीत टाकलं आणि जळून राख होईपर्यंत बघितलं. मग कार्यालयात परत निघाली. वाटेत दोन-तीन माणसं तिच्या घराकडे येताना दिसली. त्यातल्या एकाला ती ओळखत होती, गुप्त पोलीस. तिनं त्यांना थांबवून सरळ सांगितलं, जाऊ नका, तुम्ही शोधताय ते पाकीट मी जाळलं. आणि टॅक्सी थांबवून, त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, अमेरिकन वकिलातीत चल!

इथपर्यंत तिची हुशारी. आता संघटनेचा भाग. असे फास दुसऱ्या बातमीदारांसाठीही लावले जात होते. हे कुठंतरी बोलायला हवं होतं, पण बोलणार कुठं? पोलीस ठाण्यात? फास लावणारे तेच. त्याच सुमारास हिटलरचा उजवा हात, गोरिंग, याचं लग्न झालं होतं. या गुप्त पोलिसांची सुरुवात त्यानंच केली होती. बातमीदारांच्या संघटनेनं नव्या जोडप्याला आडलोन हॉटेलात जेवायला बोलावलं. कार्यकारिणीतली म्हणून सिग्रिड त्याच्या शेजारी बसली. जेवताना, आवाज न चढवता, तिनं त्याला सगळं सांगितलं. तुमची माणसं आमच्या घरी खोटे कागद टाकतात. गोरिंग म्हणाला, तुमच्या मनाचे खेळ आहेत. ती म्हणाली, मी वकिलातीत कळवून ठेवलंय. तो चिडला, शिकागोची माणसं तशीच, अशा अर्थाचं काही बोलला. पुढं तो तिला ‘शिकागोची राक्षशीण’ म्हणायचा. पण त्यानंतर तिच्या घरी पाकिटं येणं बंद झालं.

मी विचार करते, ती एकटी त्याच्या कचेरीत गेली असती तर? दारातूनच परत पाठवली असती, किंवा परत आलीच नसती. आमंत्रण संघटनेचं होतं, खोलीभर साक्षीदार बसले होते, म्हणून तिला त्या खुर्चीवर बसून ते वाक्य बोलता आलं. गट म्हणजे हीच खुर्ची. बोलायचं आपल्यालाच असतं, पण बसायला जागा गट देतो.

तिनं पुढं आणखी सहा वर्षं काम केलं. बातमी जास्तच जहाल असली की ती ‘जॉन डिक्सन’ या पुरुषाच्या नावानं, दुसऱ्या देशातल्या गावाचं नाव टाकून छापून यायची. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. तेव्हा ती आपल्यासारखंच रेडिओवरही बोलत होती, बर्लिनहून अमेरिकेसाठी. १९४० च्या ऑगस्टमध्ये विमानांचा हल्ला चालू असताना रेडिओ केंद्राकडे जाताना तिच्या पायाला लोखंडाचा तुकडा लागला. ती तशीच लंगडत आत गेली आणि बोलली. मी इथं पंख्याखाली बसून बोलते आहे, मैत्रिणींनो.

संघटनेचं मात्र युद्धाच्या काळात फार चाललं नाही, हेही खरं सांगायला हवं. सरकारनं आता दुसरी युक्ती काढली. गोबेल्स आणि रिबेनट्रॉप या दोन मंत्र्यांनी परदेशी बातमीदारांसाठी स्वतःचे क्लब काढले. छान खुर्च्या, चांगलंचुंगलं खायला. बाकीच्या बर्लिनला मोजून रेशन, आणि बातमीदारांना अवजड काम करणाऱ्या मजुरांइतकं. धमकीनं जे मोडलं नव्हतं ते ताटानं वाकवायचा बेत. काही वाकले, काही नाही. सिग्रिड १९४१ च्या सुरुवातीला जर्मनीतून बाहेर पडली. युद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, ती पुन्हा तिथं गेली आणि छळछावण्यांची बातमी जगाला सांगणाऱ्यांत होती. पुढं न्यूयॉर्कमधल्या परदेशी बातमीदारांच्या संघटनेसाठी तिनं एक पुस्तक तयार केलं. कसलं असेल? पाककृतींचं! १९६२ साली ते छापलं. १९८० मध्ये ती वारली. बर्लिनची ती जुनी संघटना आजही आहे. आपल्या दिल्लीतही परदेशी बातमीदारांचा असाच क्लब आहे.

आता आपल्या भागातला प्रकार. नावं, गावं सांगत नाही.

एका गटाच्या अध्यक्षा. शिक्षण सातवी, पण हिशोबाला पक्क्या. त्यांनी ग्रामसभेत उभं राहून नळाच्या कामाचा हिशोब विचारला. एवढंच. त्यानंतर त्यांच्या गटाचं कर्जाचं प्रकरण अडलं. आज सही नाही, उद्या कागद कमी आहे. मे महिना संपत आला होता, पेरणी तोंडावर, कुणाला बियाणं घ्यायचं होतं, कुणाला शेळ्या. मग एका माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, प्रकरण लगेच होईल, तेवढ्या अध्यक्ष बदला.

आणि मी काय केलं? मी त्या ताईंच्या घरी गेले, ओसरीवर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, ताई, थोडे दिवस बाजूला व्हा ना, गटाचं काम होऊ दे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणताय तर. पुढच्या बैठकीत त्यांनी राजीनामा ठेवला. कुणी काही बोललं नाही. सगळ्या जणी खाली बघून सतरंजीचे धागे ओढत होत्या. मी ठराव लिहिला. अक्षर माझंच आहे.

कर्ज झालं. पेरणी झाली. त्या ताई अजून बैठकीला येतात, शंभर रुपये बचत भरतात आणि मागं भिंतीला टेकून बसतात. नळाचा हिशोब कुणी पुन्हा विचारलेला नाही. नळाला पाणीही आलेलं नाही.

मला माउररची गोष्ट माहीत होती, तरी मी असं केलं. वाचलेलं वेळेला आठवत नाही, हेच खरं. आठवलं ते नंतर, रात्री. बर्लिनच्या त्या सभेतली माणसं आपल्यापेक्षा फार शूर होती असं मला वाटत नाही. त्यांनाही परवानग्या हव्या होत्या, नोकऱ्या होत्या, बायकामुलं होती. त्यांनी एकच गोष्ट वेगळी केली. ‘अध्यक्ष बदला’ हा निरोप त्यांनी एकाच्या ओसरीवर नेऊन मिटवला नाही, तो सगळ्यांच्या सभेत मांडला आणि मत घेतलं. मी तो सभेत मांडलाच नाही. बायकांनी काय ठरवलं असतं, ते मी त्यांना ठरवूच दिलं नाही. कदाचित त्यांनीही कर्जच निवडलं असतं. पेरणी तोंडावर असताना तसं निवडलं तर त्यांना कोण नावं ठेवील? पण मग तो त्यांचा निर्णय असता, माझ्या अक्षरातला नव्हे.

म्हणून तुम्हा सगळ्या गटांना माझं एवढंच सांगणं आहे. बाहेरचा कुणीही, अधिकारी असो, पुढारी असो, नाहीतर माझ्यासारखी सहयोगिनी असो, तुमच्या पदाधिकाऱ्यांबद्दल निरोप घेऊन आला, तर तो निरोप कोणाचा आहे हे विचारा. तो बैठकीत सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगायला लावा. जी बाई अडचणीत आहे तिला त्या दिवशी मधोमध बसवा, भिंतीला नाही. आणि काय ठरलं ते वहीत जसंच्या तसं लिहा, निरोपासकट.

त्या गटाची पदाधिकारी निवड पुढच्या महिन्यात आहे. त्या बैठकीत मी जुनी वही उघडून तो ठराव वाचणार आहे आणि त्याच्यामागं काय घडलं होतं ते सगळ्यांना सांगणार आहे. त्या ताईंना हे मी अजून बोललेले नाही. आज रेडिओ लावला असेल तर त्यांना कळलंच असेल. ताई, बैठकीला या. पुढं बसा.

नमस्कार.